समाधानाचा रकाना

1 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने एचआयव्हीवरची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. देशातली आठ सरकारी रुग्णालयं त्यासाठी निवडली होती आणि त्यांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. परभणीच्या रुग्णाने तिथे पोचायचं म्हणजे रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी भायखळ्यात रांग धरायची आणि पुढच्या तारखेला पुन्हा तोच प्रवास. भारतीय कंपन्यांनी 2001 नंतर या औषधांच्या किमती खूप खाली आणल्या होत्या, पण कोरडवाहू शेतकऱ्याला किंवा रोजाने जाणाऱ्या मजुराला जन्मभराचा तो खर्च झेपणारा नव्हता. मराठवाड्याच्या खेड्यांत त्या काळी एड्स म्हणजे मरण असंच समजलं जाई, आणि ती समजूत खोटी नव्हती.

आज परभणीच्या जिल्हा रुग्णालयातच एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र आहे. गोळ्या मोफत मिळतात, सीडी-4 या प्रतिकारशक्तीच्या पेशींची आणि वायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची तपासणी मोफत होते. पूर्वी सीडी-4 पेशी 200 च्या खाली जाईपर्यंत औषध सुरू होत नसे. ही मर्यादा पुढे 350 वर आणि मग 500 वर गेली. 2017 पासून तर एचआयव्ही आढळला की लगेच उपचार, असं धोरण आहे. एड्सने होणारे देशातले वार्षिक मृत्यू 2010 च्या तुलनेत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. 2021 च्या सरकारी अंदाजानुसार भारतात सुमारे 24 लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती. त्यांतली चार लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात होती, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याने केलेल्या पडझडीची पुढची अवस्था. सीडी-4 पेशी 200 च्या खाली गेल्या किंवा क्षयासारखे संधिसाधू आजार जडले की ती अवस्था आली असं धरतात. पण ही एकेरी वाट नाही. क्षयाने अर्धमेला होऊन खाटेवरून आणलेला माणूस क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या औषधांवर उभा राहतो, पुढच्या हंगामात कापूस वेचायला जातो आणि वीस वर्षं संसार करतो. वेळेवर निदान झालं आणि गोळ्या चुकल्या नाहीत, तर आयुर्मान इतरांच्या जवळपास पोचतं, असं श्रीमंत देशांतल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं आहे. आपल्याकडे क्षय आणि उशिरा होणारं निदान हे दोन अडथळे अजून आहेत, तरी दिशा तीच आहे.

माणसं मरत होती तोवर कार्यक्रमाचं यश मोजणं सोपं होतं. आता ती जगू लागली आहेत, तर ती कशी जगतात हे कुणी मोजायचं? संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट तीन आकड्यांत सांगितलं जातं: बाधितांपैकी 95 टक्क्यांना निदान माहीत असावं, त्यांतल्या 95 टक्क्यांना उपचार मिळावेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी 95 टक्क्यांच्या रक्तातला विषाणू दबलेला असावा. 2016 मध्ये, हे आकडे नव्वदचे असताना, आरोग्य-संशोधक जेफ्री लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात चौथ्या नव्वदीची मागणी केली. विषाणू दबलेल्यांपैकी 90 टक्क्यांचं जगणंही चांगलं असायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. जागतिक उद्दिष्टात हा चौथा आकडा काही शिरला नाही. रक्ताची नळी प्रयोगशाळेत पाठवता येते, पण जगण्याचा नमुना कसा पाठवणार, ही अडचण त्यामागे असावी.

प्रयत्न मात्र झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमान मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी तिची वेगळी आवृत्ती काढली. तिच्या लहान रूपात 31 प्रश्न आहेत. प्रत्येकाचं उत्तर एक ते पाच अशा पाच पायऱ्यांवर द्यायचं असतं आणि उत्तरांची वाटणी सहा क्षेत्रांत होते: शरीर, मन, स्वावलंबन, नातीगोती, परिसर आणि श्रद्धा. देशोदेशींच्या एआरटी केंद्रांत ही प्रश्नावली वापरली गेली आहे आणि भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून तिच्यावर बरेच प्रबंध निघाले आहेत. हाती रोजगार असणं, शिक्षण, घरच्यांचा आधार आणि बरी प्रकृती यांच्यासोबत गुण वाढतात, हा निष्कर्ष त्यांत वारंवार येतो. तो कुणालाही अंदाजाने सांगता आला असता. प्रश्नावलीची खरी गंमत तिच्या एकेका प्रश्नात आहे.

एका प्रश्नाचा आशय असा: रोजचं जगणं चालवण्यासाठी तुम्हाला औषधोपचाराची किती गरज भासते? गरज जास्त, तर गुण कमी. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसालाही हा प्रश्न खुपेल, पण एचआयव्ही असलेल्याच्या बाबतीत तो उलटाच पडतो. रोज रात्री न चुकता गोळी घेणं ही त्याची कमाई आहे, त्याच्या शहाणपणाची खूण आहे, आणि प्रश्नावली त्याच गोष्टीसाठी त्याचे गुण कापते. आणखी एक प्रश्न लैंगिक आयुष्याबद्दल समाधानी आहात का, असं विचारतो. पंधरा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या बाईला एआरटी केंद्राच्या व्हरांड्यात एखाद्या तरुण डॉक्टराने हा प्रश्न विचारला तर ती काय सांगेल? बहुतेक मधल्या आकड्यावर बोट ठेवील आणि पदर सावरून बसेल. तो मधला आकडा मग सरासरीत जातो.

काही प्रश्न मात्र नेमकी नस पकडतात. लोक तुम्हाला दोष देतात याचा किती त्रास होतो, भविष्याची भीती किती वाटते, मरणाचा घोर किती आहे, हे तिन्ही प्रश्न एचआयव्हीच्या आवृत्तीत मुद्दाम घातले आहेत. आपल्या भागात दोषाचा हिशेब बाईच्या नावावरच लिहिला जातो. नवऱ्याकडून संसर्ग झालेला असतो, नवरा आधी गेलेला असतो, आणि सासरी तिच्याविषयी म्हटलं जातं की हिच्या पायगुणानेच पोरगा गेला. गरोदरपणातली तपासणी सक्तीने नाही तरी सर्रास होते, म्हणून अनेक घरांत बाईचंच निदान आधी होतं. नवरा तपासलेलाच नसतो आणि आजार तिनेच आणला असं ठरून जातं.

परिसर हे सहांतलं पाचवं क्षेत्र आणि परभणीसाठी तेच सगळ्यांत भारी. पैसा, घर, सुरक्षितता, प्रवास आणि आरोग्यसेवा हाताशी असणं, हे सगळं त्यात मोडतं. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. सेलू, पूर्णा, गंगाखेड रेल्वेवर आहेत, तिथल्या माणसाला जिल्ह्याच्या गावी येणं त्यातल्या त्यात सोपं. जिंतूर आणि पाथरीला एसटीशिवाय गत्यंतर नाही. जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली चाळिशीची बाई डोळ्यांसमोर आणा. तारखेच्या दिवशी पहाटे उठून गावातून फाट्यावर, फाट्यावरून जिंतूरला आणि तिथून चाळीसेक किलोमीटर परभणीला यायचं. नोंदणी, वजन, समुपदेशक, डॉक्टर, औषधाची खिडकी, उरलेल्या गोळ्यांची मोजणी. परतेपर्यंत दिवस बुडालेला असतो. गोळ्या फुकट मिळाल्या, पण एका दिवसाची मजुरी गेली. ही तारीख पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत आली तर मुकादमाला काय सांगायचं, हा प्रश्न वेगळाच. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत आली, आणि 2020 च्या टाळेबंदीत तर तिच्याशिवाय निभावच नव्हता. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत रुग्णाच्या जगण्यात सगळ्यांत जास्त फरक पाडणाऱ्या सुधारणांत हिचा नंबर वरचा लागेल. तिच्यात विज्ञान काहीच नाही, फक्त फेऱ्या वाचतात.

एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवास आहे. कागदावर उत्तम. पण सवलत घ्यायची तर वाहकाला कार्ड दाखवायला हवं, वाहक याच भागातला असतो, शेजारच्या बाकावर गावातलंच कुणी बसलेलं असतं. तेव्हा असंख्य माणसं मुकाट्याने तिकीट काढतात. मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या अर्ध्या तिकिटासाठी कुणाला आजार सांगावा लागत नाही, म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला ते पूर्ण माफीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. सवलतीची किंमत ओळख उघड करून मोजायची असेल, तर ती घेण्याआधी माणूस दहादा विचार करतो, हे योजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचंही असंच आहे. एड्सचा रुग्ण तिला पात्र आहे. 2023 पासून रक्कम महिन्याला 1,500 रुपये झाली आहे, आणि ज्याचं अंगमेहनतीचं काम सुटलं त्याला तेवढाही आधार मोठा असतो. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 रुपयांची आहे. दिवसाला 58 रुपयेही होत नाहीत. शिवाय तलाठी, तहसील, समिती असा कागदाचा प्रवास होतो आणि प्रत्येक टेबलावर आजाराचं नाव वाचलं जातं.

नाव कळण्याची ही भीती कुठून आली, हे औषधांच्याच इतिहासात दिसतं. मोफत उपचाराच्या पहिल्या वर्षांत स्टॅव्ह्युडिन हे औषध सर्रास दिलं जाई. ते स्वस्त होतं, परिणामकारक होतं आणि त्याने असंख्य जीव वाचवले. पण बराच काळ घेतलं की चेहऱ्यावरची आणि हातापायांची चरबी झडे, गाल खोल जात, तळपायांना मुंग्या येऊन आग होई. वजन वाढलं, ताकद आली, माणूस कामाला लागला, आणि त्याच वेळी चेहरा चुगली करू लागला. गावाने तो चेहरा ओळखायला शिकून घेतलं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध हळूहळू बंद करायला सांगितलं, पुढे आपल्याकडेही ते गेलं. नंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफॅव्हिरेन्झ यांची एकत्रित गोळी आली. तिने अनेकांना रात्री विचित्र स्वप्नं पडत आणि सकाळी डोकं जड राही. 2020 च्या सुमारास एफॅव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिर आलं. आता दिवसाला एकच गोळी, आणि ती चेहऱ्यावर तसा शिक्का उमटवत नाही. वायरल लोडच्या तक्त्यात या तिन्ही टप्प्यांचं यश सारखंच दिसू शकतं. आरशात ते सारखं नव्हतं. तरीही गोळ्यांची डबी घरी नेताना तिच्यावरचं लेबल खरवडून काढण्याची किंवा गोळ्या दुसऱ्या डब्यात ओतून ठेवण्याची सवय अजून सुटलेली नाही.

जीवनमानाच्या प्रश्नावलीसारख्या पाहण्यांमध्ये सेवेबद्दलच्या समाधानाचाही एक रकाना असतो, आणि बहुधा तो भरघोस गुणांनी भरलेला असतो. त्यावर विश्वास किती ठेवायचा? लग्नाच्या पंगतीत यजमान येऊन जेवण कसं झालं विचारतो, तेव्हा भाजी खारट झाली असं कुणी सांगत नाही. इथे तर पाहुण्याला दुसरी पंगतच नाही. गोळ्या याच खिडकीवर मिळणार, पुढच्या तारखेलाही हाच माणूस समोर असणार. खासगी दवाखान्यातून कधीतरी हाकलून दिलेल्या माणसाला सरकारी केंद्रात कुणी नाव विचारून बसवलं, तरी त्याचे डोळे भरून येतात. त्याची अपेक्षाच इतकी खाली आणून ठेवलेली असते की साधी माणुसकीही उपकार वाटते. अशा माणसाने पाचपैकी पाच गुण दिले, तर ते केंद्राच्या दर्जापेक्षा त्याच्या आधीच्या अनुभवाबद्दल जास्त सांगतात.

अमेरिकेतले वैद्य अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासण्याच्या तीन बाजू मांडल्या: साधनं काय आहेत, प्रत्यक्षात काय केलं जातं आणि शेवटी रुग्णाचं काय होतं. आपल्या एचआयव्ही कार्यक्रमाची पहिली आणि तिसरी बाजू चांगली मोजली जाते. किती केंद्रं, किती डब्या, किती जणांचा विषाणू दबला, सगळ्याची नोंद आहे. मधली बाजू सुटते. डॉक्टरांनी हात लावून तपासलं का? नाव मोठ्याने पुकारलं का? गोळ्या चुकल्या म्हणून झापलं, की का चुकल्या ते विचारलं? समुपदेशकाशी बोलताना दार लोटलेलं होतं का? हे समुपदेशक कंत्राटी आहेत, हेही विसरू नये. एक गेला आणि दुसरा आला की रुग्णाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. कित्येक जण ती दुसऱ्यांदा सांगतच नाहीत.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न याच मधल्या बाजूत येतो. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत राहायचं. गोळ्या तिथल्या केंद्रातून मिळू शकतात, तशी सोय कार्यक्रमात आहे. पण नव्या गावात, टोळीतल्या माणसांच्या नजरेखालून, केंद्र शोधून काढणार कोण? निघण्याआधी कुणी विचारलं आणि पुरेशा गोळ्या बांधून दिल्या तर औषध चालू राहतं. नाहीतर नोंदवहीत त्या माणसापुढे ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ असा शेरा पडतो. सुटलेला तो, की त्याला सोडणारी व्यवस्था, हे शेऱ्यावरून कळत नाही.

एक बातमी मात्र या सगळ्यांत मोठी आहे आणि ती गावापर्यंत पुरेशी पोचलेलीच नाही. औषधं नियमित घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. युरोपात हजारभर जोडप्यांच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणातून हे पक्कं झालं आहे. लग्नाला, शेजाला, लेकरू व्हावं या इच्छेला यातून केवढा अर्थ येतो! महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावे भरतात. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी आणि बीडजवळ पाली इथे दत्ता बारगजे यांनी ज्या बाधित लेकरांना आसरा दिला, ती आता मोठी झाली आहेत, शिकताहेत, कामाला लागली आहेत, लग्नं करताहेत. जन्मतः संसर्ग झालेली ही पहिली पिढी आहे जी औषधांवर प्रौढ झाली. जगणं कसं असावं याबद्दल तिचं मागणं आईबापांच्या मागण्याइतकं माफक असणार नाही.

म्हणून समाधानी आहात का, हा प्रश्न एआरटी केंद्राच्या पाहणीतून काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी घडलं काय ते विचारावं. आज किती तास थांबलात, मजुरी बुडाली का, तुमची गोष्ट तिसऱ्या कुणी ऐकली का, वायरल लोडचा आकडा तुम्हाला समजेल असा कुणी सांगितला का, शेवटचं रागावलं कोण? आणि विचारणारा माणूस त्या केंद्राचा नोकर नसावा. बाधितांच्या स्वतःच्या संघटना राज्यात आहेत, हे काम त्यांना देता येईल. उत्तरं कमी गुणांची येतील, पण निदान कामाची असतील.

कायदाही आता रुग्णाच्या बाजूला आहे. 2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार आणि घर यांत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती दुसऱ्याला सांगताही येत नाही. विधवेला सासरच्या राहत्या घरातून काढता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत आणि वीस किंवा अधिक माणसांच्या आरोग्यसंस्थेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावाच लागतो. तुम्ही परभणीत एखादा दवाखाना, शाळा किंवा कारखाना चालवत असाल, तर तुमच्याकडे तो अधिकारी कोण आहे हे आधी पाहा. आणि तुम्ही स्वतः गोळ्या घेत असाल किंवा घरात कुणी घेत असेल, तर 1097 हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत क्रमांक जवळ ठेवा. माहिती, समुपदेशन आणि जवळच्या केंद्राचा पत्ता तिथे मिळतो.